तीन गती, एक सुई
(साकीनाका येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, खुर्च्या रिकाम्या आहेत. मेट्रो गेली की मी जरा थांबेन, तेवढं चालवून घ्या.

आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "परवडणारं टर्नटेबल कसं निवडावं." पलीकडे थोडी शांतता झाली. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाकडून त्यांना बहुधा शंकराचार्य किंवा कांट अपेक्षित होता. मग त्यांनी नम्रपणे विचारलं, "पण सर, आपली माला समीक्षेची आहे, यात समीक्षा कसली?" मी म्हटलं, एखादी वस्तू काय वचन देते आणि त्यातलं काय पाळते हे तपासायचं, ही समीक्षाच की. पुस्तकाची करतो, नाटकाची करतो, तशी यंत्राची करू. आणि इथे नुकसान पुस्तकापेक्षा मोठं होतं. वाईट कादंबरी वाचली तर संध्याकाळ फुकट जाते; वाईट यंत्र घेतलं तर तबकडी जाते.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं सगळं बोलणं कुठून येतंय ते कळेल. माझ्या आईची एक पत्र्याची ट्रंक होती. गिरगावच्या चाळीतून ती आमच्याबरोबर इकडे चांदिवलीला आली. तिच्यात साठ-सत्तर तबकड्या. बहुतेक ७८ च्या, लाखेच्या: नाट्यगीतं, भावगीतं, थोडे खाँसाहेब अब्दुल करीम, थोड्या केसरबाई, आणि वर पाच-सात एलपी. वाजवायला घरात काही उरलं नव्हतं. निवृत्तीनंतर मी हौसेनं एक सुटकेससारखं दिसणारं टर्नटेबल मागवलं. झाकण उघडलं की आतच स्पीकर, छान निळा रंग, आणि एक बटण, त्यावर तीन आकडे: ३३, ४५, ७८. मी ७८ वर बटण लावलं आणि आईची तबकडी ठेवली. ऐकू काय आलं? खरखर. त्या खरखरीच्या पाठीमागे, शेजारच्या इमारतीत कुणी गात असावं तसा आवाज. दुसरी लावली, तेच. तिसरी, तेच. मी शास्त्रशुद्ध अनुमान केलं: तबकड्या झिजल्या, संपल्या. न्यायशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं केलेलं अनुमान! धूर दिसला, अग्नी ठरवला, आणि धूर मुळात माझ्या चष्म्यावर होता. (हशा) तर त्यातल्या निम्म्या तबकड्या मी खैरानी रोडच्या एका भंगारवाल्याला वजनावर दिल्या.

दीड वर्षानं एक संग्राहक मित्र घरी आले. त्यांनी उरलेल्यातली एक तबकडी त्यांच्या घरी नेऊन वाजवली आणि मला फोनवरच ऐकवली. स्वच्छ गाणं. तबकडी तीच. फरक सुईचा होता.

हे नीट समजून घेऊ, कारण बाजारातली सगळी फसगत या एका ठिकाणी आहे. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते. तिच्यात बसायला सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ७५ मायक्रॉन लागते. एलपीची खाच बारीक, म्हणून तर तिला मायक्रोग्रूव्ह म्हणत. तिला १८ ते २५ मायक्रॉनची सुई. एलपीची सुई ७८ च्या खाचेत टाकली की ती खाचेच्या भिंतींना टेकतच नाही, थेट तळाशी जाऊन बसते. तळाशी काय असतं? पन्नास-साठ वर्षांची धूळ, आणि जुन्या पोलादी पिनांनी खरवडलेला चुरा. गाणं भिंतींवर कोरलेलं, आणि आपण ऐकतो गटार. त्या निळ्या सुटकेसला गती तीन होत्या आणि सुई एक होती. ७८ चं बटण खोटं नव्हतं, तबकडी खरोखर त्या गतीनं फिरत होती. पण वाजवणं म्हणजे नुसतं फिरवणं नव्हे, आणि हे त्या खोक्यावर कुठंही छापलेलं नव्हतं.

आमच्या लहानपणी हे सगळ्यांना ठाऊक होतं, हे विशेष. जुन्या चेंजरच्या हाताच्या टोकाला एक चिमुकली कळ असायची. ती फिरवली की सुई उलटी व्हायची: एका बाजूला एलपी, दुसऱ्या बाजूला ७८. घरातलं दहा वर्षांचं पोर ती कळ फिरवायचं. ज्ञान यंत्रातच बसवलेलं होतं. नव्या स्वस्त यंत्रानं गती ठेवली आणि कळ काढून टाकली.

आता उलट बाजूही सांगतो, कारण मला एकांगी टीका आवडत नाही. या सुटकेस-यंत्रांबद्दल जाणकार मंडळी फार भयंकर बोलतात. एकदा वाजवलीत की तबकडी मेलीच, असं. ही अतिशयोक्ती आहे. यात सिरॅमिक कार्ट्रिज असतं, ते पाच-सहा ग्रॅम वजनानं सुई दाबतं. चांगलं चुंबकीय कार्ट्रिज दोन ग्रॅमवर चालतं. जास्त वजन, साधी सुई, ती वेळेवर बदलली नाही, तर एलपी झिजणार हे खरं. पण मग सत्तरच्या दशकात घराघरांत एचएमव्हीची फिएस्टा होती, सेलवर चालणारी, झाकणात स्पीकर असलेली, तिनं काय वेगळं केलं? आपल्या पिढीनं गणपतीत, लग्नात, सहलीत तबकड्या अशाच वाजवल्या. आज जुन्या बाजारात मिळणारी निम्मी झीज आपण केलेली आहे. पोरांच्या निळ्या सुटकेसला नावं ठेवताना एवढं आठवावं. शिवाय वजन हाच खलनायक असंही नाही. ७८ साठी बनवलेली चांगली सुई मुद्दाम पाच ग्रॅमच्या आसपासच चालवतात. लाखेची तबकडी कठीण असते, तिच्यात दगडाची भुकटी मिसळलेली असते, पोलादी पिनला घासून तीच खाचेच्या मापाची करावी म्हणून. म्हणूनच दर बाजूला पिन बदलावी लागे. तेव्हा "हलकं तेवढं चांगलं" हे सूत्र एलपीपुरतं खरं. कोणत्या तबकडीसाठी, हे आधी विचारल्याशिवाय यंत्राला चांगलं-वाईट म्हणताच येत नाही.

माझा त्या यंत्रावरचा खरा आक्षेप वेगळा आहे. त्याचा हात बदलता येत नाही, वजन मोजून कमी-जास्त करता येत नाही, कार्ट्रिज काढता येत नाही, आणि स्पीकर त्याच पेटीत असल्यामुळे पेटीचा कंप सुईत परत शिरतो. म्हणजे चूक कळली तरी दुरुस्त करायला जागा नाही. ज्या वस्तूत दुरुस्तीला वाव नसतो ती स्वस्त असूनही महाग पडते. साकीनाक्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

त्यानंतर काय झालं? मी शहाणा झालो असं तुम्हाला वाटेल. नाही झालो. माझ्या भाच्यानं अमेरिकेतून परत येताना एक जुनं, चांगल्यापैकी टर्नटेबल आणलं. पट्ट्यावर चालणारं, वजनदार थाळीचं. तिकडची वीज ११० व्होल्टची, म्हणून मी लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्सफॉर्मर आणला आणि जोडलं. एलपी लावली. गायिका ओळखीची, पण आवाज पुरुषाचा वाटला, आणि लय अशी की तबलजी झोपेतून उठलाय. तेव्हा ट्यूब पेटली: ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. तिकडच्या विजेला सेकंदाला ६० आवर्तनं, आपल्याकडे ५०. जुन्या यंत्रांतली सिंक्रोनस मोटर व्होल्टेजकडे बघत नाही, ती आवर्तनं मोजते. मग ३३ची थाळी २८च्याही खाली फिरते. सुरांत सांगायचं तर तीन स्वरांहून जास्त उतार: काळी चारची गायिका पांढरी चारच्याही खाली.

इथे खैरानी रोड माझ्या मदतीला आला, ज्या रस्त्यावर मी तबकड्या घालवल्या तोच. एका गाळ्यात लेथवाले आहेत, त्यांना मी मोटरवरची छोटी पितळी पुली नेऊन दाखवली आणि म्हटलं, हिच्या सव्वापट नको, एक पूर्णांक दोन दशांश पट व्यासाची करून द्या. साठ भागिले पन्नास. त्यांनी तासाभरात दिली. बसवली, आणि गाणं जवळजवळ बरोबर आलं. जवळजवळ! गती शंभरात एकानं कमी पडत होती. मी पुन्हा गेलो. त्या गृहस्थांनी पुली बघितली, पट्टा मागितला, पट्टा चिमटीत धरला आणि म्हणाले, "सर, पट्ट्याची जाडी धरलीच नाहीत." खरंच की! पट्टा पुलीवर बसला की त्याच्या जाडीमुळे परिणामी व्यास वाढतो. सहापंचमांशाचा गुणाकार त्या एकूण व्यासाला लागायला हवा, मी नुसत्या पितळेला लावला होता. दुसरी पुली बरोबर आली. माझ्या डॉक्टरेटपेक्षा त्यांची चिमूट भारी ठरली, हे मी तिथेच कबूल केलं.

गती बरोबर आहे हे कळलं कसं? स्ट्रोब चकतीनं. कागदाची चकती, तिच्यावर काळ्या रेघा. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली फिरवायची. आपली ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. ३३ गतीसाठी चकतीवर १८० रेघा असतात. गती बरोबर असली की रेघा थिजल्यासारख्या दिसतात, कमी असली तर मागे सरकतात. एलईडीखाली हे बहुधा दिसत नाही, तेव्हा घरातली एक जुनी ट्यूब फेकू नका. आणि एक गंमत: ७८ साठी आपल्या विजेवरच्या चकतीला ७७ रेघा लागतात, त्यातून गती येते ७७.९२, अमेरिकेत ९२ रेघा, गती ७८.२६. म्हणजे ज्याला आपण ठामपणे अठ्ठ्याहत्तर म्हणतो तो आकडाही दोन देशांत दोन आहे. त्याहून जुन्या तबकड्या तर ७८ ला ध्वनिमुद्रित झाल्याच असतील असंही नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत वाट्टेल त्या गतीवर मुद्रण होई. गती शंभरात सहानं चुकली की षड्ज एका स्वरानं सरकतो. संगीत शिकणारी मुलं इंटरनेटवरच्या जुन्या ध्वनिफितींवरून "अमुक बुवा काळी एकमध्ये गात" असं लिहितात, तेव्हा मी विचारतो, हे बुवांनी सांगितलं की कुणाच्या मोटरनं?

आता माझ्या विषयाकडे थोडं येतो, रागावू नका, पाचच मिनिटं. आपल्याकडे एक फार जुना वाद आहे. नैयायिक म्हणतो शब्द अनित्य आहे; उत्पन्न होतो, नष्ट होतो. मीमांसक म्हणतो शब्द नित्य आहे. उच्चार त्याला निर्माण करत नाही, फक्त प्रकट करतो. अंधारात घडा असतो, दिवा लावला की दिसतो, तसा. मी वर्गात नेहमी नैयायिकाची बाजू घेत असे. तबकडी हातात घेतली की मात्र माणूस मीमांसक होतो. वाटतं, गाणं आत आहेच, सुई फक्त दिवा लावते. आणि मग प्रश्न येतो दिव्याचा. दिवा घड्याला झिजवत असेल तर? दर वेळी प्रकट करताना थोडं नष्ट होत असेल तर? मीमांसकाला हा प्रश्न पडला नव्हता, कारण त्याच्यापुढे वेद होता, लाखेची तबकडी नव्हती. डिजिटायझेशनची निकड इथे आहे. जपायचं म्हणून वाजवायचं नाही, आणि वाजवल्याशिवाय जपता येत नाही. म्हणून एकदाच, पण नीट वाजवायचं. त्या एका वेळेसाठी यंत्र निवडायचं आहे.

वॉल्टर बेंजामिननं १९३६ मध्ये यांत्रिक प्रतींमुळे कलाकृतीचं तेज हरवतं असं लिहिलं. माझा अनुभव थोडा उलटा आहे. आमच्या ट्रंकेतली तबकडी हजारो प्रतींमधली एक होती. पण बाकीच्या प्रती भंगारात गेल्या की उरलेली एकटी मूळ ठरते. प्रत होता होता ती अस्सल होते.

केसरबाई केरकरांचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. १९७७ साली नासानं व्हॉयेजर यानांतून सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. गोव्यातल्या केरीची बाई, ध्वनिमुद्रणाला नाखूश, आणि गाणं सूर्यमालेबाहेर. मला त्यात भावतं ते वेगळंच. त्या तबकडीबरोबर त्यांनी कार्ट्रिज आणि सुईसुद्धा पाठवली, आणि गती किती ठेवायची हे चित्रांनी कोरून ठेवलं: मिनिटाला सोळा पूर्णांक दोन तृतीयांश फेरे. टर्नटेबल नाही पाठवलं, ते तुमचं तुम्ही बघा. (हशा) म्हणजे जाणकारांनी जागा कमी असताना काय निवडलं? सुई आणि गती. थाळी कुणीही फिरवेल. मी म्हणतो, खर्च करतानाही हाच क्रम ठेवा.

तर आता घ्यायचं काय. किमती मी आज सांगितल्या तर पुढच्या महिन्यात खोट्या पडतील, म्हणून पायऱ्या सांगतो. पहिली पायरी, काहीच न घेणं. तबकड्या दहा असतील तर यंत्र घेऊ नका. आधी त्यातलं काय काय सारेगामानं, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीनं, पुन्हा प्रकाशित केलं आहे ते बघा. जे नाही ते एखाद्या संग्राहकाकडून मुद्रित करून घ्या. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही मंडळी याच वेडाची आहेत.

फक्त एलपी आणि ४५ च्या छोट्या तबकड्या असतील, आणि तुम्हाला कटकट नको असेल, तर ऑडिओ-टेक्निकाचं एलपी-६०एक्स किंवा त्या जातीचं साधं, पट्ट्याचं, स्वयंचलित यंत्र पुरे. वजन कारखान्यातच ठरवलेलं, साधारण तीन ग्रॅम, सुई बाहेर ओढून बदलता येते, प्रीअ‍ॅम्प आतच. कार्ट्रिज बदलता येत नाही, ही उणीव. पण ते ७८ चं बटण देतच नाही, आणि मला हा त्याचा प्रामाणिकपणा वाटतो.

ट्रंकेत ७८ असतील तर मात्र हे चालणार नाही. तिथे हाताचं डोकं सुटं होणारं, वजन मोजून लावता येणारं, गती सूक्ष्म बदलता येणारं यंत्र हवं. त्याच कंपनीचं एलपी-१२०एक्स या वर्गातलं. मोटर थेट थाळीखाली, तीन गती, यूएसबी. त्याच्याबरोबर एलपीची सुई येते. त्याच कार्ट्रिजवर ७८ ची वेगळी सुई बसते, ती जास्तीची विकत घ्यावी लागते. दुकानदार ती आपणहून सांगत नाही. एकट्याला महाग वाटेल तर तीन घरांनी मिळून घ्या. डिजिटायझेशन हे लग्नासारखं आहे, मांडव रोज लागत नाही.

चोरबाजारातली जुनी यंत्रं? मोह होतो. जुने गॅरार्डचे चेंजर दिसायला देखणे, पण रबराचं चाक वाळून कडक झालेलं असतं, आणि जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजची सुई आज मिळेलच असं नाही. घ्यायचंच तर आधी विचारा, "याची सुई मिळते का?" सुई मिळत नसेल तर ते फर्निचर.

मुद्रण करताना. तबकडी आधी धुवा. व्हिनाइल डिस्टिल्ड वॉटरनं, मऊ कापडानं, खाचेच्या दिशेनं. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पॉलिशवाल्याला विचारा. संगणकावर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय शिफारस २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झची आहे. बहुतेक यूएसबी टर्नटेबलांत १६ बिटांचाच रूपांतरक असतो. घरच्या कामाला १६ बिट पुरतात, फक्त पातळी जपा. शिखर लाल रेघेच्या बरंच खाली राहू द्या. आणि माझी एक हट्टाची सूचना: खरखर काढून टाकलेली प्रत हवी तर करा, पण आधी न पुसलेली, जशी आली तशी प्रत वेगळी ठेवा. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला तंबोऱ्याची जवारी आणि धूळ यांतला फरक दरवेळी कळतोच असं नाही. ७८ मोनो असतात, तरी डावी-उजवी दोन्ही बाजू मुद्रित करा. खाचेची एक भिंत अनेकदा दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते. फाइलीच्या नावात लेबलवरचा क्रमांक, कोणती सुई, कोणती गती हे लिहा. नाहीतर तुमचा नातू एक दिवस लिहील, बुवा काळी एकमध्ये गात.

आता प्रश्न घेऊ. हां, ताई, बोला.

(प्रश्न: संगणकावर घेतल्यानंतर तबकड्या द्यायच्या का? घरात जागा नाही.)

द्यायच्या असतील तर संग्राहकाला द्या, वजनावर नको. जागेचं दुःख मला कळतं, आमचंही घर दोन खोल्यांचंच आहे. पण तुमचं मुद्रण आजच्या सुईचं, आजच्या यंत्राचं आहे. उद्या कुणाकडे अधिक बरी सुई असेल. ठेवायच्या तर उभ्या ठेवा, आडव्या चळतीत नको, खालच्या तडकतात. आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकून नकोत, बुरशी धरते.

(प्रश्न: सर, दिलेल्या तबकड्यांत काय होतं?)

यादी केली नव्हती. आईला विचारायची सोय नव्हती.

(प्रश्न: अमेरिकेचं यंत्र आमच्याकडेही आहे. ती पुली करून मिळेल?)

मिळेल. त्यांचा गाळा शनिवारीही उघडा असतो. जाताना मला भेटा, रस्ता सांगतो. आणि पट्टा बरोबर न्या.